विहिरीचाही केसपेपर हवा

होटगीत कोळशाची खाण नाही आणि पुढे निघण्याची शक्यताही नाही. आपल्या पायाखाली आहे तो काळा पाषाण, लाव्हा थिजून झालेला. कोळसा सापडतो तो त्याहून कितीतरी जुन्या वालुकाश्माच्या थरांत, आणि महाराष्ट्रात असे थर विदर्भात आहेत. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या जिल्ह्यांत. मग होटगीच्या डॉक्टरने आरोग्याच्या सदरात कोळशाच्या खाणीवर लिहिण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण सांगतो.

फताटेवाडी-आहेरवाडी परिसरातील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच २०१७ साली आणि दुसरा २०१९ साली सुरू झाला. तेव्हापासून कोळशाच्या वाघिणी, राख आणि पाणी हे विषय आपल्या पारावरच्या गप्पांत आले. दवाखान्यातही आले. अधूनमधून एखादा शेतकरी प्लॅस्टिकच्या बाटलीत विहिरीचे पाणी भरून आणतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, बघा की जरा, पिण्यालायक हाय का हे?" मी बाटली उजेडात धरतो. पाणी नितळ दिसते. त्याहून अधिक मला काही सांगता येत नाही. फ्लोराईड, नायट्रेट डोळ्यांना दिसत नाहीत. प्रयोगशाळेत पाठवले तर ती आजच्या दिवसाचे सांगेल; पण पाणी पूर्वीपेक्षा बिघडले की आधीपासूनच असे होते, हे त्या एका बाटलीवरून तिलाही कळणार नाही. त्यासाठी मागचा कागद लागतो. तो कोणाकडेच नसतो.

हा प्रश्न आपल्याआधी कितीतरी वर्षे ज्यांना पडला ती गावे विदर्भातील खाणींभोवतीची. इंग्रजांच्या अमदानीत वरोऱ्याला कोळसा निघत होता. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले, १९७५ साली नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी आली. तिकडे तिला 'वेकोलि' म्हणतात. बल्लारपूर, घुग्गुस, खुद्द चंद्रपूर शहरालगतच्या महाकाली आणि लालपेठ, नागपूरकडे सावनेर, सिल्लेवाडा, पाटणसावंगी ही या भूमिगत खाणींच्या नकाशावरची नावे. आता तिकडचा बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. परंतु भूमिगत खाणी वाढवायच्या असे केंद्र सरकारचे धोरण आहे. तेव्हा हा विषय जुना झाला असे कोणी समजू नये.

भूमिगत खाणीत पाण्याचे काय होते ते आधी समजून घेऊ. जमिनीखाली गल्ल्याबोळांचे एक गाव वसले आहे अशी कल्पना करा. गल्ल्यांतला कोळसा काढून नेलेला असतो आणि मधले चौकोनी खांब छत तोलून धरण्यासाठी ठेवलेले असतात. या छताच्या वर वालुकाश्म असतो. नागपूरजवळच्या कामठीवरून भूगर्भशास्त्रात त्याला 'कामठी' असेच नाव पडले आहे. हा दगड सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारा. आजूबाजूच्या विहिरी अशाच दगडावर जगतात. खाण खोल गेली की हे पाणी झिरपत खाली येते. ते साठू दिले तर खाण बुडेल, म्हणून पंप रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. शेजाऱ्याने पाचशे फुटांचे बोअर मारले की आपली चाळीस फुटांची विहीर कशी तळाला जाते, हे दक्षिण सोलापूरच्या शेतकऱ्याला सांगायला नको. खाण हे तसेच एक बोअर आहे, फक्त शेकडो एकरांचे. पुढे शेवटच्या टप्प्यात ते खांबही काढतात, छत खाली बसते, वरच्या थरांना भेगा जातात, कधी शेतजमीनच खचते. भेगांतून पाण्याच्या वाटा बदलतात. ज्या विहिरीला वर्षानुवर्षे झरा होता तिचा झरा दुसरीकडे वळतो.

उपसलेले पाणी सगळे वाया जाते असेही नाही. ते शेतीला दिले जाते, गावांना पुरवले जाते. पाटणसावंगीच्या खाणीतले पाणी शुद्ध करून 'कोल नीर' या नावाने बाटल्यांत भरण्याचा उपक्रम वेकोलिने केला. चांगली गोष्ट आहे, मी नावे ठेवणार नाही. फक्त ते पाणी मुळात कोणाकोणाच्या विहिरींच्या वाट्याचे होते, हे बाटलीवर छापलेले नसते.

आता यात डॉक्टरचा संबंध कुठे येतो? पाण्याचे रोग म्हटले की आपल्याला गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर आठवतात. हे दूषित पाण्याचे रोग झाले. पाणी कमी पडल्याने होणारे रोग वेगळेच आहेत आणि त्यांची चर्चा फार कमी होते. सरकारी हिशेबाने खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळायला हवे. विहीर आटली आणि बाईला दोन किलोमीटरवरून हंडे आणावे लागले, तर ती पिण्यात आणि स्वयंपाकात काटकसर करत नाही. ती हात धुण्यात, आंघोळीत, पोरांचे कपडे धुण्यात करते. आणि स्वतः कमी पाणी पिते. मग घरभर खरूज पसरते, डोळे येतात, लहान मुलांना जुलाब लागतात, बाईला लघवीची जळजळ सुरू होते, कोणाला मूतखडा होतो. मी औषध देतो, चार दिवसांनी तीच बाई पुन्हा येते. उन्हाळ्यात आपल्याकडे हे दरवर्षी घडते. त्यामुळे विहिरीची पातळी हा माझ्या दृष्टीने पाटबंधारे खात्याइतकाच आरोग्य खात्याचाही आकडा आहे.

दुसरी साखळी अधिक लांबची. विहीर आटली की माणूस बोअर घेतो. ते आटले की आणखी खोल जातो. खोलातले पाणी दगडाच्या सहवासात दीर्घकाळ राहिलेले असते, दगडातले क्षार त्यात उतरतात. चंद्रपूर आणि यवतमाळ हे दोन्ही जिल्हे पाण्यातील फ्लोराईडसाठी ओळखले जातात. हे फ्लोराईड तिथल्या खडकातले आहे. खाणीने ते आणले असे म्हणणे चुकीचे होईल, आणि तसे म्हणणाऱ्या पुढाऱ्यांना मी साथ देणार नाही. पण वरचे पाणी नाहीसे झाल्यामुळे जो खालच्या पाण्यावर गेला, त्याच्या पोटात ते कोणामुळे गेले, हा प्रश्न तरी विचारलाच पाहिजे.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. ते त्याच्या वर राहिले तर आधी मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे आणि मग तपकिरी पट्टे येतात. अनेक वर्षे असेच पाणी पोटात गेले तर हाडे आणि सांधे धरतात, कंबर वाकत नाही, मान वळत नाही. यातली वाईट गोष्ट अशी की कायमचे दात हिरडीच्या आत तयार होतात ते पहिल्या सात-आठ वर्षांत. दोन वर्षांच्या पोराने आज प्यायलेले पाणी त्याच्या दातांवर दिसेल ते तो शाळेत तिसरी-चौथीत गेल्यावर. तोवर दात तयार होऊन गेलेले असतात, पट्टे कायमचे. म्हणजे डॉक्टरला रोग दिसेपर्यंत पाच-सहा वर्षे हातची गेलेली असतात. पाण्याच्या नोंदवहीत मात्र तोच बदल पहिल्याच उन्हाळ्यात दिसला असता.

(जाता जाता एक सूचना. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटते आणि फ्लोराईडचे प्रमाण वाढते. क्लोरीनचे थेंब किंवा टीसीएल पावडर यांनीही ते जात नाही. नुसती तुरटी फिरवून तर मुळीच नाही. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुना मोजून वापरण्याची 'नळगोंडा' पद्धत काढली आहे, ती प्रशिक्षित माणसाने करायची असते.)

खाणींभोवतीच्या पाण्याची मोजणी करण्याचा नियम आहे का? आहे. कोळसा खाणीला पर्यावरण मंजुरी देताना घातल्या जाणाऱ्या अटींत तो सहसा असतोच, आणि माझ्या मते तो चांगला आहे. खाणीच्या भोवतालच्या निवडक विहिरी आणि त्यासाठी मुद्दाम घेतलेली अरुंद निरीक्षण-बोअरे यांतली पातळी वर्षातून चार वेळा मोजायची: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी. मे महिन्यात पाण्याची रासायनिक तपासणीही करायची. उन्हाळा, पावसाळा, पावसानंतर आणि हिवाळा, असे चारही ऋतू त्यात येतात. रक्तदाबाच्या रुग्णाला मी महिन्याला बोलावतो त्यातलाच हा प्रकार.

नुसत्या पातळीवरून मात्र निदान होत नाही. मे महिन्यात विहीर दोन मीटर खाली गेली. ते पाऊस कमी झाल्यामुळे, गावाने ऊस लावल्यामुळे की खाणीच्या पंपामुळे? कंपनीचा साहेब म्हणतो पाऊस, गावकरी म्हणतात खाण, आणि भांडण तिथेच राहते. हे सोडवता येते. कागदावर शेजारी शेजारी तीन रकाने आखा. एकात पाऊस, दुसऱ्यात खाणीतून उपसलेले पाणी, तिसऱ्यात विहिरीची पातळी. खाणीत पंप किती तास चालले याची नोंद असतेच, तेव्हा दुसरा रकाना भरणे अवघड नाही. शिवाय खाणीपासून पुरेशा लांबवरची, त्याच दगडातली, तेवढाच पाऊस पडणारी एक विहीर निवडून तीही मोजत राहा. आम्ही नवीन औषध पारखताना काही रुग्णांना ते न देता तुलनेसाठी ठेवतो, तशी ही तुलनेची विहीर. दोन्ही सारख्याच खाली गेल्या तर पावसाचा दोष. लांबची जागेवर आणि जवळचीच खाली, तर बोट खाणीकडे जाते. पाऊस चांगला होऊनही जवळची विहीर वर येत नसेल, तर मग वादाला फारशी जागा उरत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी एक नोंद लागते, ती म्हणजे पहिली कुदळ पडण्यापूर्वीची. खाण सुरू होण्याआधीच्या दोन-तीन वर्षांतली पातळी आणि पाण्याचा दर्जा लिहिलेला नसेल तर पुढच्या सगळ्या मोजण्या अर्धवट. मधुमेहाचा रुग्ण पहिल्यांदाच पायाची जखम घेऊन आला तर साखर केव्हापासून वाढलेली आहे हे मी काय सांगणार?

मग नियम चांगला, मोजणीची पद्धतही ठरलेली, तर माझी तक्रार कशाबद्दल? तक्रार अशी की ज्याच्या विहिरीची नोंद आहे त्याला ती दिसत नाही. मंजुरीच्या अटी कशा पाळल्या याचा अहवाल प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी, १ जूनला आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो दिला जातो, संकेतस्थळावरही ठेवला जातो. असे अहवाल मी चाळले आहेत. जाडजूड असतात, इंग्रजीत असतात आणि विहिरीला तिच्या मालकाचे किंवा मळ्याचे नाव नसून क्रमांक असतो. ज्या बाईचा हंडा त्या विहिरीवर भरतो तिला 'डब्ल्यू-४' म्हणजे आपली विहीर हे कधी कळायचे?

रुग्णालयात तापाचा तक्ता खाटेच्या पायथ्याशी टांगलेला असतो. नातेवाईक येता-जाता तो बघतात, कमी-जास्त विचारतात, नर्सने एखादी वेळ चुकवली तर त्यांच्याच लक्षात येते. तोच तक्ता मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात कुलपात ठेवला तर रुग्णाला त्याचा काय उपयोग? माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या गावाची विहीर मोजली, त्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोजणीनंतर आठ दिवसांत मराठीत आकडा लागला पाहिजे, विहिरीच्या नावासह, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या आकड्याशेजारी. आणि मोजणाऱ्याबरोबर गावचा एक माणूस टेप धरायला असला पाहिजे. ज्याच्या पंपाविषयी शंका आहे त्यानेच एकट्याने मोजायचे, हे प्रामाणिकपणे केले तरी लोकांना पटत नाही. त्यात मोजणाऱ्याचीही बदनामी आहे.

यावर एक आक्षेप मी अधिकारी मित्रांकडून ऐकला आहे. आकडे लावले तर लोक घाबरतील, अर्धवट समजुतीने मोर्चे काढतील. हाच आक्षेप एके काळी रुग्णाला त्याचा रिपोर्ट हातात देण्याबद्दल घेतला जात असे. आज माझे सत्तर वर्षांचे रुग्ण स्वतःच्या साखरेचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतात, आणि ज्यांना आकडे पाठ असतात तेच गोळ्या वेळेवर घेतात, असा माझा अनुभव आहे. घबराट पसरते ती आकडा माहीत नसताना.

दुसरा आक्षेप गावातूनच येतो आणि तो मला अधिक अवघड वाटतो. पाण्यात फ्लोराईड आहे, जास्त क्षार आहेत असे फळ्यावर लागले तर गावाला मुली कोण देईल, जमिनीला भाव कोण देईल? हे बोलून कोणी दाखवत नाही, पण नमुना द्यायला टाळाटाळ होते ती यामुळे. मी त्यांना हसणार नाही. क्षयरोगाच्या बाबतीत मी हे आयुष्यभर पाहिले आहे. पण नवरी घरात येते तेव्हा ती तेच पाणी पिते आणि तिची मुलेही तेच पितात, एवढे तरी सासरच्यांनी लक्षात घ्यावे.

खाण बंद पडली की मोजणी थांबवायची, अशीही एक समजूत आहे. ती धोक्याची आहे. पंप बंद झाले की रिकाम्या गल्ल्यांत पाणी चढू लागते आणि कित्येक वर्षे चढत राहते. १९७५ च्या २७ डिसेंबरला, आताच्या झारखंडमधील चासनाला खाणीत जुन्या कामात साठलेले पाणी मधला आडोसा फोडून आत शिरले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार दगावले. आपल्या महाराष्ट्रात, घुग्गुस येथे, २०२२ च्या ऑगस्टमध्ये भर वस्तीतले एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्या वस्तीखाली इंग्रजांच्या काळापासूनची जुनी भूमिगत खाण आहे. जुन्या खाणीतले पाणी कुठवर आले आहे, भर पावसाळ्यात ते किती चढते, हे वस्तीला माहीत असणे ही चैन नव्हे.

आता पुन्हा आपल्याकडे. कोळसा जळला की राख उरते आणि ती राख-तलावात साठते. अशा तलावाभोवतीच्या भूजलाची नियमित तपासणी करावी, ही अट औष्णिक केंद्रांनाही असते. इथे कोणावर आरोप करण्याचा माझा हेतू नाही. माझे म्हणणे विदर्भातल्या गावांनी उशिरा शिकलेला धडा आपण लवकर गिरवावा एवढेच. आपला काळा पाषाण वालुकाश्मासारखा सगळीकडून झिरपत नाही. त्यात पाणी भेगांतून आणि मुरमाच्या थरातून चालते. त्यामुळे एक विहीर चांगली आणि शंभर पावलांवरची बिघडलेली, असे होऊ शकते. एका नमुन्यावरून गावाचे पाणी चांगले किंवा वाईट ठरवू नये.

सुदैवाने गावात माणसे आणि साधने आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. तो टीसीएल टाकतो, ओ.टी. चाचणी करतो. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाने पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. यात भर घालायची ती थोडीच. होटगी, फताटेवाडी, आहेरवाडी आणि आसपासच्या गावांनी प्रत्येकी तीन-चार विहिरी निवडाव्यात, एखादी केंद्राच्या जवळची, एखादी होटगी तलावाच्या बाजूची आणि एक पूर्ण लांबची. मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी हेच महिने ठेवावेत, म्हणजे सरकारी आकड्यांशी ताडून पाहता येईल. प्रकल्पाचे आकडे ग्रामपंचायतीने पत्र लिहून मागावेत. मिळाले नाहीत तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच.

मोजायचे कसे ते सांगतो, कारण गफलत इथेच होते. विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करावी आणि दर वेळी तिथूनच टेप सोडावा. मोजणी भल्या सकाळी, मोटार सुरू होण्याआधी करावी. रात्री मोटार चालली असेल तर तसे लिहावे. रासायनिक तपासणीसाठी दोन लिटरचा स्वच्छ प्लॅस्टिकचा कॅन घ्यावा आणि त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरावा. फ्लोराईडसाठी काचेची बाटली चालत नाही. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी, ती मात्र विसळू नये, आणि भरलेली बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांच्या आत पोहोचवावी. कॅनवर विहिरीचे नाव, तारीख आणि वेळ लिहावी. वही शक्यतो शाळेत ठेवावी, ग्रामपंचायतीत सत्ता बदलली की कागद हरवतात. आणि नोंद बॉलपेनने करावी. शाईची अक्षरे ऑगस्टच्या एका सरीत पुसून जातात.